तिसरी फीत सालीची

डल्सी गेगेरा नोकरी संपवून गावी परतली तेव्हा तिच्यासोबत एक हातमशीन, दोन कात्र्या आणि पोलिसांच्या भानगडींचा मोठा साठा होता. राजधानी पोर्ट मोर्सबीच्या पोलीस लायनीत, शिवणखात्यात तिची उभी हयात गेली. कुणाला बढती मिळाली की त्याच्या बाहीवर फीत चढवायची, कुणी सरकारी गाडी नदीत घातली की त्याची फीत उसवायची, हेच तिचं काम.

"चढवताना मजा येते," ती सांगायची. "माणूस हसत उभा असतो, सुपारी देतो, बायकोला घेऊन येतो. उसवायची असली की मात्र तो एकटा येतो आणि सारखा भिंतीकडे बघतो. मग मीही काही बोलत नाही. हळूच ब्लेड घालायचं आणि एकेक टाका काढायचा. ओढून काढली तर कापड फाटतं आणि माणसालाही लागतं."

आमचं घर तिच्या घराला लागूनच. मधे कुंपण म्हणून केळी लावल्यात, पण त्या केळींतून दोन्हीकडच्या कोंबड्या आणि गप्पा ये-जा करतात. मागे सुंबिरिपा हा ज्वालामुखीचा डोंगर, पुढे तेलताडाचे मळे, आणि खाली रस्ता पोपोंडेटाच्या बाजाराला जातो.

आमच्या या मुलखात जपान्यांशी मोठी लढाई होऊन गेलीय. अजूनही तारोच्या कंदांसाठी खड्डा खणला की कधी शिरस्त्राण लागतं, कधी बाटली, कधी पट्ट्याचं बक्कल. लढाईतली जुनी कोकोडाची वाट चालायला येणारे गोरे पाहुणे असल्या वस्तू हौसेने घेतात. जमिनीतून निघतं तेवढं पुरेना, तेव्हा आमच्या तरुण पोरांनी घरीच लढाई सुरू केली. फिती कापायच्या, चहात उकळायच्या, डुकराच्या आवारात आठवडाभर पुरायच्या आणि "आजोबांची आहे हो" म्हणून विकायच्या. एका पाहुण्याने घरी जाऊन पाहिलं तर त्याच्या 'लढाईतल्या' फितीच्या मागे शाळेच्या गणवेशाचा शिक्का निघाला. तो चर्चच्या फादरना बोलला, आणि फादर डल्सीकडे आले. "बाई, तुमचा हात या कामात मुरलेला आहे. बाजारात बसून जरा बघत जा ना."

तेव्हापासून शनिवारी ती मोठ्या झाडाखाली शेंगदाण्यांचे वाटे मांडून बसायची आणि शेंगदाण्यांपेक्षा बिल्लेच जास्त हाताळायची. आधी वास घ्यायची. मग उलटा करायची. "पाठ बघावी," ती म्हणायची, "पुढून सगळेच सार्जंट असतात." एखादा सुटा धागा काडेपेटीच्या काडीवर धरायची. सुती असला तर त्याची राख व्हायची. वितळून मणी झाला, म्हणजे लढाईनंतरचा कृत्रिम धागा निघाला, की ती तो बिल्ला परत द्यायची आणि म्हणायची, "तुझे आजोबा फारच तरुण होते रे."

गंमत म्हणजे खऱ्या वस्तूच जास्त विचित्र निघायच्या. नियमाप्रमाणे तयार केलेला बिल्ला क्वचितच हाती येई. कुणी मटणाच्या डब्याचा पत्रा कापून अधिकाऱ्याचा तारा केलेला, कुणी पितळी तारा झाडावरच्या बंदूकवाल्याला चमकून दिसू नये म्हणून बुटाच्या पॉलिशने काळा केलेला, कुणी जखमेच्या पट्टीचीच एक फीत करून बाहीला टाचलेली. असं काही मिळालं की डल्सी बराच वेळ ते मांडीवर ठेवून बसायची. "हे कुठल्या कोठारातून आलेलं नाही बघ," ती मला म्हणायची. "याला घाई होती, आणि जवळ काहीच नव्हतं."

अशाच एका शनिवारी ऑगस्टिन सोवेरा आला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, शांत, तेलताडाच्या मळ्यात मुकादम. त्याचा बाप बेन्सन लढाईत पलटणीत होता आणि सुंबिरिपा फुटला त्या वर्षी राखेखाली गेला. त्या दिवशी ऑगस्टिन, तेव्हा चालायला लागलेलं पोर, आईबरोबर तिच्या माहेरी, समुद्रकाठी वानिगेलाला होता, म्हणून मायलेक वाचले. घर राहिलं नाही, बापाचे कागदपत्र राहिले नाहीत. राहिलं ते आईच्या विणलेल्या झोळीत होतं तेवढंच.

आता चर्चच्या आवारात लढाईत गेलेल्या आणि लढून परतलेल्या माणसांच्या नावांचा दगड बसवायचं चाललं होतं. नावापुढे हुद्दा लिहायचा होता. दगडाची समिती रुपर्ट सोवेराच्या हातात, आणि हा रुपर्ट म्हणजे ऑगस्टिनचा चुलतभाऊ. दोघांचे बाप सख्खे भाऊ, पण दोन घरांत लहानपणापासून एकच भांडण. ऑगस्टिनची आई म्हणायची, तुझा बाप सार्जंट होता. रुपर्टकडचे म्हणायचे, सार्जंट कसला, तांदूळ चोरला म्हणून पलटणीने फीत काढून हाकललेला. ऑगस्टिनचं लग्न ठरताना, जमिनीच्या हद्दीवरून बोलाचाली होताना, कुठेही तो तांदूळ निघायचाच.

ऑगस्टिनने केळीच्या पानाची गुंडाळी उलगडली. आत हिरवट कापडाचा तुकडा होता, त्यावर खाली टोक केलेल्या फिती. दोन विणलेल्या, पांढुरक्या. त्यांच्या वर तिसरी, तांबूस तपकिरी.

"मावशी, हे जरा बघ. आईने जपून ठेवलेलं."

डल्सीने त्या सकाळी आधीच तीन खोटे बिल्ले परतवले होते आणि त्यातल्या एका पोराशी तिची चांगलीच जुंपली होती. तिने चष्मा वर केला आणि तिसऱ्या फितीवर अंगठा फिरवला.

"ही झाडाची साल आहे, ऑगस्टिन. टापा. वानिगेलाच्या बायका ठोकून करतात ना, ती."

"हो, आईचं माहेर तिथलंच."

"मग? कुठली फौज आपल्या सार्जंटला झाडाची साल देते?"

"मला काय माहीत? म्हणून तर तुझ्याकडे आलो."

"तर ऐक. दोन फिती फौजेच्या असतील. तिसरी घरी लावलेली आहे. म्हणजे हा दोन फितींच्या कॉर्पोरलचा बिल्ला आहे. याचा सार्जंट घरात झालाय."

ती हे हळू बोलली असती तरी निभावलं असतं. पण रुपर्ट पलीकडेच नारळ निवडत उभा होता. तो एवढ्या जोरात हसला की आसपासच्या बायकांनी माना वळवल्या.

"ऐकलंत? काकूने घरच्या घरी बढती दिली! काका तांदूळ आणायचा, काकू फिती द्यायची!"

ऑगस्टिनचा चेहरा राखेसारखा झाला. तो रुपर्टकडे न वळता डल्सीकडे बघत राहिला.

"माझी आई खोटं बोलणारी नव्हती," तो म्हणाला.

"मी तुझ्या आईबद्दल बोलले नाही रे. मी कापडाबद्दल बोलले."

"एकच आहे ते. ठेव तुझ्याकडेच. पोरांच्या खोट्या मालात घाल."

आणि बिल्ला शेंगदाण्यांवर टाकून तो निघून गेला.

डल्सीने तो उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. परत द्यायला जायचं ती रोज म्हणायची आणि रोज काहीतरी काम निघायचं. मला कळत होतं, तिला लाज वाटत होती. कापडाबद्दल नाही, बाजारात मोठ्याने बोलल्याबद्दल.

पुढे पावसाचे दिवस आले. आमच्याकडे त्या दिवसांत चामड्याला बुरशी येते, मीठ विरघळतं. एके दिवशी चांगलं ऊन पडलं तेव्हा डल्सीने डबा उघडून सगळी सुतं, बटणं, फिती ओट्यावर वाळत घातली. मी केळींतून पलीकडे गेले तेव्हा ती ऑगस्टिनचा बिल्ला हातात धरून बसली होती.

"इकडे ये. तुझे डोळे चांगले आहेत. काय दिसतं?"

दमट हवेने सालीची फीत फुगली होती आणि एका टोकाला उचलली गेली होती. तिच्या खालचं कापड बाकीच्यापेक्षा कितीतरी गडद हिरवं होतं.

"इथे ऊन लागलेलं नाही," मी म्हटलं.

"बरोबर. आणि ती भोकं बघ."

गडद पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग होती, अगदी सरळ, एकसारख्या अंतरावर.

"मशीनची टीप," डल्सी म्हणाली. "इथे आधी तिसरी फीत होती. कोठारात शिवलेली, या दोघींबरोबरच. कित्येक महिने उन्हात होती, म्हणून खालचा रंग टिकला. मग कुणीतरी उसवली, आणि तीही नीट उसवलेली नाही, ओढून काढलीय. हे बघ, धागा तुटलाय इथे. साल नंतर आली. ज्याने लावली त्याने बरोबर त्याच जागेवर लावली."

"म्हणजे बेन्सन सार्जंट होता."

"होता. आणि मी बाजारात पाठसुद्धा पाहिली नाही." तिने चष्मा काढून लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या आपल्या लपलपला पुसला. "उभ्या आयुष्यात किती फिती उसवल्या मी. उसवलेल्या जागेची खूण मला कळू नये?"

पण तिला आणखी एक गोष्ट कोड्यात टाकत होती. बिल्ल्याच्या कडेला भोकांच्या दोन रांगा होत्या. एक बारीक, बाहीवर लावतानाची. दुसरी ओबडधोबड, जाड दोऱ्याने हाताने घातलेली. आणि कापडाच्या खालच्या टोकाला कधी न निघणारा चिखलाचा डाग.

"बाहीवरचा बिल्ला चिखलात कसा जाईल? माणूस पडला तर एखादा शिंतोडा. हा तर रोजचा चिखल आहे. झगा घासत चालावं तसा."

याचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस आम्हाला माहीत होता. कथबर्ट आसिसा, बेन्सनच्याच तुकडीतला, कुमुसी नदीच्या पलीकडे राहणारा. आम्ही दोघी ट्रकच्या मागे पोत्यांवर बसून नदीपर्यंत गेलो आणि पुढे चालत. म्हातारा घराखालच्या सावलीत बसून सुपारी कुटत होता. दात नव्हते, म्हणून सुपारी, चुना सगळं लाकडी उखळीत कुटून खायचा.

डल्सीने नमस्कार-चमत्कार न करता बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने उखळी खाली ठेवली. बिल्ला उलटा करून पाहिला.

"बेन्सनचा," तो म्हणाला. "कुठे होता हा?"

"त्याच्या बायकोच्या झोळीत. आजोबा, याची खालची बाजू चिखलात का भरलीय?"

"लपलपवर होता म्हणून."

"लपलपवर? फिती?"

"तुम्हा पोरींना माहीत नाही." तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "आधी आम्हाला शर्ट मिळाले आणि शर्टांवर फिती. ते घालून आम्ही लढलो. जपानी बंदुका आमची कातडी बघून काही वेगळ्या उडत नव्हत्या. मग लढाई लांब सरकली आणि वरून हुकूम आला. काळ्या शिपायांनी बाहीवर फिती लावायच्या नाहीत. उसवा, आणि कमरेखाली लपलपवर लावा."

"का पण?"

"बाहीवर फीत असली की गोऱ्या शिपायाला ती दिसते ना! सार्जंट म्हणून मान द्यावा लागेल की काय, अशी भीती." तो थुंकला. "सगळी तुकडी रांगेत उभी. साहेब नवा होता, पोरगाच, त्यालाही ते वाचताना घाम फुटलेला. बेन्सन एक पाऊल पुढे गेला. म्हणाला, साहेब, मी हात वर करून माणसांना पुढे बोलावत होतो तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या मांडीकडे नाही."

"मग?" डल्सीने विचारलं.

"तिथल्या तिथे एक फीत ओढून काढली. कोठडीत टाकला. बाहेर आला तेव्हा उरलेल्या दोन लपलपवर शिवून घ्यायला लावल्या, आणि तसाच तो घरी गेला. आम्ही बाकीचे गप्प राहिलो. मीही." त्याने बिल्ला पुन्हा उलटा केला. "ही सालीची फीत मात्र माझ्यासमोर लागली. लढाई संपल्यावर आम्ही काही जण त्याच्या गावी जेवायला गेलो होतो. सवयीने आम्ही त्याला सार्जंट म्हणत होतो. त्याची बायको म्हणाली, हे सगळे सार्जंट म्हणतात आणि तुमच्याकडे दोनच? ती उठली, टापाची पट्टी कापली आणि लावून दिली. आम्ही सगळे उभे राहिलो. हसलो नाही कुणी."

"आणि तांदूळ?" मी विचारलं. "लोक म्हणतात तांदूळ चोरला म्हणून फीत गेली."

आता मात्र म्हातारा खरंच हसला, इतका की खोकला लागला. "तांदूळ होय! तांदूळ आम्ही सगळ्यांनीच चोरला. साहेबानेसुद्धा आमच्यातलाच खाल्ला. त्यासाठी फिती काढायच्या तर अख्खी पलटण उघडीच फिरली असती!"

परत येताना डल्सी ट्रकमध्ये एकच वाक्य बोलली. "घरात तारो किती आहेत गं तुझ्या?"

आमच्याकडे कुणाला भर बाजारात खाली बघायला लावलं तर नुसतं 'चुकलं' म्हणून भागत नाही. अन्न घेऊन जावं लागतं, आणि तेही सगळ्यांना दिसेल असं. डल्सीने स्वतःच्या बागेतले मोठाले तारो काढले, काही माझे घेतले, वर केळीचे घड आणि एक कोंबडा. दुपारी लोक चर्चमधून परतत असताना आम्ही ते सगळं वाहून ऑगस्टिनच्या अंगणात मांडलं. तो घरात होता. बाहेर आला नाही. शेजारीपाजारी जमले. रुपर्टही आला, काय तमाशा आहे बघायला.

डल्सी अंगणात उभी राहून बोलली, बाजारात बोलली होती तितक्याच मोठ्याने.

"मी म्हणाले होते की हा बिल्ला कॉर्पोरलचा आहे. मी नीट पाहिलं नव्हतं. हा सार्जंटचा आहे. याच्यावरची तिसरी फीत फौजेने लावली, फौजेनेच ओढून काढली आणि ऑगस्टिनच्या आईने परत लावली. ती का काढली ते कथबर्ट आसिसाने सांगितलंय, आणि ज्याला ऐकायचं असेल त्याने नदी ओलांडून जावं, तो सगळ्यांना सांगेल. पण मी आत्ताच सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं. तांदळाच्या वाक्यावर मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

ऑगस्टिन दारात येऊन उभा होता. तो पायऱ्या उतरला, डल्सीजवळ आला आणि तिच्या हातातून बिल्ला घेतला. आत्ता पहिल्यांदाच त्याने पाठ बघितली. डल्सीने उचललेलं टोक बोटाने दाखवलं, गडद कापड, भोकांची रांग. तो एकेका भोकावर नख टेकवत गेला.

"बस, मावशी," तो म्हणाला. "कोंबडा शिजवू. जेवूनच जा."

रुपर्ट कुंपणाशी घुटमळत होता. ऑगस्टिनने त्याला हाक मारली.

"दादा, तूही बस."

"मी कशाला? तुमच्या सार्जंटच्या जेवणाला?" पण तो गेला नाही. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "माझा बाप ओझी वाहायचा. जखमींना झोळीत घालून डोंगर उतरायचा. त्याला ना फीत, ना शर्ट. भाऊ सुटीवर यायचा तेव्हा सगळं गाव भावाकडे पळायचं. मग त्याने एकदा तांदळाचं काढलं. पुढे ते मोडता आलं नाही."

"तुला माहीत होतं?"

"अर्धंमुर्धं. मरताना बोलला थोडं." रुपर्टने डोळे चोळले. "मी मुद्दाम विचारलं नाही पुढे."

ऑगस्टिन उठला. मला वाटलं, आता मारतो. त्याने शेकोटीवरची भाजलेली केळी उचलली, त्यातली दोन रुपर्टपुढे ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी बसला. त्या दिवशी तो रुपर्टशी आणखी काही बोलला नाही. पुढेही बरेच दिवस बोलला नाही.

दगड जुलैत बसला. त्याआधी समितीची बैठक झाली तेव्हा ऑगस्टिनने स्वतःहून उठून सांगितलं, की ओझी वाहणाऱ्यांचीही नावं घाला, माझ्या काकापासून सुरुवात करा. दगड लहान पडला, मग दुसरा आणावा लागला. बेन्सनच्या नावापुढे सार्जंट लिहिलं गेलं. मोर्सबीच्या एका कचेरीतून विचारणा आली की याला काय आधार, तेव्हा रुपर्टनेच परस्पर उत्तर पाठवलं: आधार जिवंत आहे, नदीपलीकडे राहतो, येऊन भेटा. भेटायला कुणी आलं नाही आणि दगडावरचं अक्षरही कुणी पुसलं नाही.

दगड बसला त्या दिवशी कथबर्टला दोन माणसांनी हाताला धरून आणलं. तो दगडाजवळ गेला, बेन्सनच्या नावावर हात ठेवला आणि मग थेट सावलीत जाऊन सुपारी मागितली.

दगड बसायच्या आदल्या दिवशी ऑगस्टिन डल्सीकडे नवा पांढरा शर्ट घेऊन आला होता. त्याला बापाचा बिल्ला बाहीवर हवा होता, एका दिवसापुरता. डल्सीने शर्ट मांडीवर घेतला, बिल्ला बाहीवर ठेवून पाहिला आणि परत दिला.

"याला मी सुई लावणार नाही."

"का?"

"याच्यात जेवढी भोकं आहेत तेवढी सगळी कुणीतरी काहीतरी सांगायला पाडलीत. माझं आणखी एक भोक कशाला त्यात?"

मग तिने त्याच शर्टाच्या खिशाच्या आत मऊ कापडाचा दुसरा खिसा शिवून दिला, बरोबर बिल्ल्याच्या मापाचा. ऑगस्टिन दगडाच्या दिवशी तो शर्ट घालून मिरवला आणि बिल्ला कुणाला दिसला नाही.

डल्सी अजून शनिवारी बाजारात बसते. आता डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून काडी पेटवून धागा धरायचं काम माझ्याकडे आलंय. कुणी काही आणलं की ती आधी त्याला बसवून घेते, शेंगदाणे देते आणि विचारते, हे कुणाकडून आलं, त्याने काय सांगितलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावरच कापडाला हात लावते. यात वेळ जातो आणि मागे माणसं खोळंबतात. परवा एक पोरगा कुरकुरला, "मावशी, खरा की खोटा एवढंच सांग ना." ती म्हणाली, "घाई असेल तर शेंगदाणे घे आणि जा." तो बसून राहिला.